खिळ्यावरचा तांबूस रंग

हडपसरला रंगरावांच्या द्राक्षबागेच्या जागी आता काचेची इमारत उभी होती, आणि त्यांची सून नम्रता त्याच इमारतीत संगणकाच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायला जायची. बागेतली एक काडी तेवढी रंगरावांनी घराच्या अंगणात आणून लावली होती. त्या वेलीवर त्यांचा भारी जीव.

यंदा पानांवर केवडा रोगाचे पिवळे डाग दिसले. रविवारी रंगरावांनी त्यावर बोर्डो मिश्रण फवारायचा घाट घातला. एका बादलीत मोरचुदाचं निळं पाणी, दुसरीत भिजवलेला चुना, दोन्ही एकदम तिसरीत ओतायचं. मोरचूद जात्याच जहाल. चुना त्याला माणसात आणतो. चुना कमी पडला तर औषधच पानं जाळतं. म्हणून लोखंडी खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस लेप चढला की अजून चुना हवा.

इथंच घोडं पेंड खात होतं. दोन वर्षं झाली, रंगरावांना तांबूस आणि करडं सारखंच दिसायचं. गेल्या वर्षी खिळा पाहून ते ‘झकास’ म्हणाले, फवारलं, आणि चार दिवसांत वेल करपली. खापर फोडलं टँकरच्या पाण्यावर. वेल कशीबशी वाचली. पुन्हा तसं झालं तर तगणार नव्हती. पण खरं सांगावं, तर घरचे फवारणीचा पंप काढून घेणार. मग म्हाताऱ्याने करायचं काय? पेपर वाचायचा, तर तोही दिसत नाही!

त्यांनी खिळा वर काढून मदतीला आलेल्या नम्रतासमोर उगाच उन्हात फिरवला. “बरा हाय न्हवं?”

नम्रता घुटमळली. “लाल झालाय, अण्णा.”

रंगराव मटकन पायरीवर बसले. “मग गेल्या साली बी झाला आसंल. टँकरचं पानी न्हवतं ते. म्याच जाळली वेल. मला रंग कळत न्हाई गं, आन् सांगायची लाज वाटली.”

“झाला होता,” नम्रता हळूच म्हणाली. “मी पाहिला होता. सासऱ्यांना कसं टोकायचं, म्हणून गप्प बसले. ऑफिसात दिवसभर लोकांच्या चुका काढते, आणि घरात…” तिचे डोळे भरून आले.

वर्षभराचं ओझं निम्मं झाल्यासारखं रंगरावांना वाटलं. या पोरीची त्यांना फार माया आली. “म्हंजे दोघांनी मिळून जाळली म्हन की!” त्यांनी खिळा तिच्या हातात दिला. “आता तू बगायचं, म्या ढवळायचं. आन् चुकलं की मोठ्यांदा सांगायचं.”

नम्रताने आणखी चुना ओतला, खिळा बुडवून वर काढला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, “अण्णा, अजून लाल!”