माझ्या वाट्याची गिटार

मी उजवीकडचा स्पीकर बोलतोय. दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, भिंतीवर टांगलेला. आजवर दुसऱ्यांचंच वाजवत आलो, आज जरा माझं ऐका. मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही जुळे. एकाच खोक्यातून दोघं इथे आलो आणि डॉक्टरांनी स्वतः स्टुलावर चढून भावाला डावीकडे आणि मला उजवीकडे टांगलं. डॉक्टरांचा हात दाताला हलका आहे, भिंतीला नाही. माझ्या शेजारी पडलेली भोकं अजून तशीच आहेत.

डॉक्टरांना एकाच ग्रुपचं वेड. चौघांचा ग्रुप, नुसती गिटारची गाणी, कोणी गात नाही. डॉक्टर त्याला स्मूद जॅझ म्हणतात, काउंटरवरच्या मावशी 'ती बिनशब्दांची' म्हणतात. ड्रम आणि बेस आम्हा दोघा भावांकडे सारखे यायचे, पण गिटारी दोन होत्या. पहिली भावाच्या वाट्याला, दुसरी माझ्या. पहिली काहीतरी विचारायची आणि दुसरी जरासं थांबून उत्तर द्यायची. ते थांबणं माझ्या अंगात भिनलं होतं. तारेवरून बोट सरकताना बारीक किर्र व्हायचं, तेही मला पाठ होतं. वाजवणाऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तो माझा माणूस वाटायचा.

इथे येणाऱ्यांचं तोंड सुजलेलं असलं तरी मत द्यायला कोणी मागे राहत नाही. दुसऱ्या अल्बममध्ये कीबोर्ड आला तेव्हा कवळीवाले मास्तर म्हणाले, "बिघडले हे लोक." पुढच्यात ड्रम वाढले तेव्हा टॅक्सीवाला म्हणाला, "आता कुठे जीव आला." मास्तरांना मग कीबोर्डवाला अल्बम आवडू लागला. माणसांचं हे असंच असतं, मी काही मनावर घेत नव्हतो.

मग नवा अल्बम आला. डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं लावला. भावाकडून पहिली गिटार निघाली, तिनं नेहमीसारखं काहीतरी विचारलं आणि मी उत्तराच्या तयारीत राहिलो. काही आलंच नाही. ड्रमचा हलका ठेका तेवढा येत होता. पहिलीनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पायाखालची जमीन सरकली म्हणतात. मला पाय नाहीत, पण माझा खिळा हलला म्हणा हवं तर. मला वाटलं, मी संपलो.

"हे काय, अर्धं वाढून ताट उचलल्यासारखं," मास्तर म्हणाले.

"मला वाटलं माझा कानच गेला," टॅक्सीवाला म्हणाला.

मावशींनी मान हलवली. "कोणीतरी एकटंच बडबडत बसलंय असं वाटतं बाई."

माझ्याखालच्या खुर्चीत एक बाई गालाला रुमाल लावून बसल्या होत्या. उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्या हाताची अगदी बारीक कापलेली. एकेकाचं मत ऐकताना त्यांचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"हो रे, इथे आपलंच लावलंय... लोक ना? छान म्हणतायत सगळे. तुझी बाजू मोकळी ठेवली ते कोणालाच खटकलं नाही. तू तुझं बघ. ताईला खरं सांग, डाव्या हाताची बोटं हलली का आज?"

मी हादरलो. ती नखं तारा छेडायला वाढवलेली होती, पहिली गिटार वाजवणारीच माझ्याखाली बसली होती. आणि दुसरी वाजवणारा तिचा धाकटा भाऊ होता, ज्याचा डावा हात आता उठत नव्हता. मी बिघडलो नव्हतो. तिनं त्याची जागा धरून ठेवली होती, तो बरा होऊन येईपर्यंत. आणि आम्ही सगळे तिच्या डोक्यावर बसून नाकं मुरडत होतो.

पण हे मी सांगणार कोणाला? डॉक्टरांनी वायरमनला बोलावलं. त्यानं मला खाली उतरवलं, भावाची वायर काढून मला जोडली आणि माझ्यातून पहिली गिटार खणखणीत वाजली.

"स्पीकर ठणठणीत आहे, डॉक्टर. गाण्यातच या बाजूला काही नाही."

डॉक्टर म्हणाले, "कमाल झाली. इतकी वर्षं जिवापाड ऐकतोय यांना, आणि आता अर्धं काम करून देतात?"

ती त्या दिवशीही आली होती. "मुद्दाम ठेवलं असेल," ती म्हणाली.

"मुद्दाम कशाला? एक जण नसेल तर दुसरा घ्यावा. गिटार वाजवणारे काय कमी आहेत? मी तर अल्बम काढणाऱ्या कंपनीला तसं कळवलंय. माझ्यासारख्या पुष्कळांनी कळवलंय म्हणे." डॉक्टर मनानं वाईट नाहीत. समोर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

ते आत गेल्यावर तिनं भावाला फोन लावला. 

"काय? दुसरा घ्या असं तूच सांगितलंस कंपनीला?" तिचा आवाज चढला. मास्तरांनीही वर पाहिलं. "मला न विचारता? अरे, तुझी जागा आहे ती... लोकांचं काय घेऊन बसलास? लोक बोलतात आणि घरी जातात."

तिनं फोन ठेवला आणि दात न दाखवताच निघून गेली. मावशी हाका मारत राहिल्या.

बरेच दिवस गेले. एका सकाळी डॉक्टरांनी तोच अल्बम पुन्हा लावला, कंपनीनं नव्यानं काढलेला. आणि माझ्यातून गिटार वाजली. मी दचकलो. उत्तर जागच्या जागी येत होतं, जराही थांबत नव्हतं. किर्र कुठेच नाही. वाजवणारा हुशार होता, त्याच्यात खोट काढायला मला जागा मिळेना. पण माझ्या अंगात कोणी परका येऊन बसला होता आणि तो माझ्याच तोंडानं बोलत होता. डॉक्टर खूश, मावशी खूश. टॅक्सीवाला म्हणाला, "आता कसं भरल्यासारखं वाटतं."

त्याच आठवड्यात ती राहिलेला दात करायला आली. या वेळी सोबत भाऊ होता. ती आत गेली, तो नेमका माझ्याखाली बसला. डावा हात खिशात. वर न बघता ऐकत होता. मला तोंड लपवावंसं वाटलं.

शेजारी मास्तर होते. कवळी सारखी करत त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"ऐकताय ना? मधे या बाजूचा गडी कुठे गेला होता कोण जाणे. आता परत आलाय. मी पहिल्या झटक्यात ओळखलं. एवढी वर्षं ऐकतोय, हात काय लपतो होय?"

भावानं मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सांगेल. सांग रे बाबा, मनात म्हटलं, तू तरी सांग.

"हो," तो म्हणाला. "तोच आहे."

दार उघडून ती बाहेर आली होती. अर्धा चेहरा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. तिनं सगळं ऐकलं होतं. ती काहीतरी बोलायला गेली, पण शब्द फुटेना, आणि डॉक्टर मागून म्हणाले, "तासभर बोलायचं नाही." भावानं मान हलवून तिला राहू दे म्हटलं, उजव्या हातानं तिची पिशवी घेतली आणि दोघं निघून गेली.

मी अजून इथेच आहे. मावशी रोज सकाळी बटण दाबतात आणि मी वाजतो. सगळे म्हणतात, स्पीकर छान आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी एखाद्या दिवशी गप्प झाला, तर लगेच वायरमनला बोलावू नका. थोडं थांबा. तिथे कोणाची तरी वाट बघणं चालू असेल.