रूळ कापायच्या करवतीनं कापलेलं भात

खोटं वाटेल तुम्हाला, पण सांगतो. छत्तीस सालच्या आश्विनात वादळानं मळवलीचं सगळं भात लोळवलं, माझं तेवढं ताठ उभं! मी खाचरात तुसाची राख घातली होती, चुलीतलीसुद्धा. बायकोला भांडी घासायला चिमूटभर ठेवली नव्हती. राखेनं भाताची काडी टणक होते, पण किती व्हावी? कापायला गेलो तर विळा वाकला, कुऱ्हाडीचं पातं उडालं. घरात खाणारी सात तोंडं, आणि भात कापलंच जाईना! शेवटी रेल्वेवाल्यांची रूळ कापायची करवत आणली, तेव्हा कुठं पेंढ्या बांधल्या.

ऐकत बसलेली शेजारीण कस्तुराबाई म्हणाली, "आबा, लय झालं! त्याच पेंढ्यानं तुमी छप्पर शाकारलं व्हतं. मग शिमग्यात माझ्या रेडकानं ते निम्मं खाल्लं कसं?"