चिमूटभर मिश्री

वास तंबाखूचाच होता. प्रणिता ऑफिसातून आली, गराजमधून घरात पाऊल टाकलं आणि तिथेच थबकली. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या त्या घरात उदबत्तीसुद्धा ती खिडकी उघडून लावायची. हा उग्र वास आला कुठून? आणि तो काही आज पहिल्यांदा आलेला नव्हता.

संशय घ्यायला घरात माणूस एकच होता, तिचे सासरे राजाराम. सासू-सासरे थंडी सुरू होताना फलटणहून आले होते. नात रुही जन्मली तेव्हा प्रणिताने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की बिडीच्या तोंडाने माझ्या मुलीचा मुका घ्यायचा नाही. त्याच दिवशी आपण बंडल ओढ्यात टाकलं, असं राजाराम सांगत. ओढ्यात टाकलेलं बंडल बघायला कोण गेलं होतं?

शिवाय त्यांचं ते फिरणं. मुलाने, कुशलने, वडिलांसाठी तळघरात ट्रेडमिल आणून ठेवलं होतं. राजाराम त्याच्यावर एकदाच चढले. "एवढं चालून माणूस आहे तिथंच राहतो, मग चालायचं कशाला?" म्हणाले आणि उतरले. तेव्हापासून जेवण झालं की कानटोपी घालून बाहेर. बर्फ पडो नाहीतर वारा सुटो, शतपावली चुकायची नाही. आधी प्रणिताला याचं कौतुक होतं. आता ती त्यांच्या कोटाचा वास घेऊ लागली. एकदा खिशात हात घातला तर बडीशेप निघाली. बडीशेप माणूस कशाला बाळगतो? तोंडाचा वास मारायलाच ना?

कुशलला ती म्हणाली, बाबा लपून ओढतात. तो म्हणाला, "यार, बाबा खोटं बोलत नाहीत."

"मग वास कसला येतो?"

"मला कुठे येतोय?" त्याचं नाक हिवाळाभर चोंदलेलं असायचं. त्याच्या साक्षीला काय किंमत?

एरवी तिने हे सोडूनही दिलं असतं. पण प्रश्न सासूबाईंच्या तोंडाचा होता. रत्नाबाईंची दाढ दुखली म्हणून प्रणिता त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरने दाढ बघितली आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला येऊन थांबला. तिथे एक पांढरा चट्टा होता. कापसाने पुसला तरी जाईना. सिगारेट, तंबाखू काही आहे का, असं त्याने विचारलं. प्रणिताने ते मराठीत विचारलं तर रत्नाबाईंना रागच आला.

"तंबाखू? अगं, मी रोज पंचशील म्हणते. पाचवं शील मोडणारी बाई नाही मी. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर मिश्री लावते दाताला, तेवढीच. बाकी कसलं व्यसन नाही."

प्रणिता नागपूरची. तिच्या माहेरी मिश्री म्हणजे खडीसाखर. म्हातारपणी कुणाला कशाची सवय असते, कुणाला कशाची, दाताखाली धरत असतील खडा, असं तिने मनाशी ठरवलं आणि डॉक्टरला साखर सांगितली. डॉक्टर जरा बुचकळ्यात पडला. साखर बंद करा, दोन आठवड्यांनी या, चट्टा गेला नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणाला. तपासायचं ते कशासाठी, हे प्रणिताला न सांगता कळलं. आईंना तिने फक्त साखरेचं सांगितलं. बाकीचं कुशलला, दार लावून.

त्या दिवसापासून घरातली साखर गेली, गूळ गेला, रुहीची बिस्किटं वरच्या कपाटात गेली. रत्नाबाई स्वयंपाकघरात आल्या की बोलणं थांबायचं. त्यांच्या काय ते लक्षात येत नव्हतं? बिनसाखरेचा चहा पुढ्यात आला की त्या नवऱ्याला म्हणायच्या, "आता चहासुद्धा जड झालाय आपला," आणि म्हणायच्या ते सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सून सासऱ्याचा वास घेत होती, सासू सुनेचा अंदाज घेत होती. घर गरम होतं, पण ऊब नव्हती.

त्यात प्रणिताने कुठेतरी वाचलं की ओढणाऱ्याचा धूर शेजारच्यालाही बाधतो. मग तिच्या मनात हिशोब पक्का बसला. बाबा ओढतात आणि भोगतात आई. रंगेहाथ पकडल्याशिवाय हे कबूल व्हायचं नाही. एका दुपारी बरं वाटत नाही असं ऑफिसात सांगून ती न कळवता घरी आली.

गराजमध्येच तिला धुराचा अलार्म ऐकू आला. ती धावत आत गेली. स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या, बाहेरची थंडी आत येतेय आणि राजाराम छताखाली उभे राहून टॉवेलने वारा घालताहेत. रत्नाबाई शेगडीकडे पाठ करून, नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"मीच ओढली," राजाराम तिला पाहताच म्हणाले. "दोनच झुरके."

"थोटूक कुठंय, बाबा?"

राजारामांनी बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्यातच सगळं आलं. प्रणिताने सासूबाईंना हाताने हळूच बाजूला केलं. शेगडीवर तिचा डोशाचा तवा होता आणि त्यात काळी पडलेली पानं धुमसत होती.

"आई, हे काय आहे?"

"मिश्री भाजतेय. पुडी संपत आली की अशीच थोडी थोडी भाजते."

"मिश्री? साखर कुणी भाजतं का?"

"साखर कुठली? तंबाखूचं पान आहे ते, गावाहून आणलेलं. भाजायचं, चुरायचं आणि दाताला लावायचं."

अलार्म तेवढ्यात थांबला. प्रणिता खुर्ची ओढून बसली. वरच्या कपाटात बिस्किटं कोंडून ठेवणारी ती, आणि खालच्या बाथरूममध्ये रोज ओठाला तंबाखू लागत होता.

"पण डॉक्टरसमोर तर तुम्ही म्हणालात, तंबाखू नाही."

"खात नाहीच मी. मिश्री म्हणजे काय तंबाखू..." रत्नाबाई म्हणाल्या आणि स्वतःचेच शब्द कानी पडल्यासारख्या थांबल्या.

मग प्रणिताने काही राखून ठेवलं नाही. चट्टा, तुकडा, तपासणी, सगळं सांगितलं. रत्नाबाईंची जीभ नकळत खालच्या ओठापाशी गेली.

"म्हणून साखर बंद केलीस होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आम्हाला परत पाठवायला निमित्त शोधतेस."

"आणि मला वाटलं, बाबा बिडी ओढतात."

"ते कसले ओढतात. बडीशेप चघळतात, तलफ आली की." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलायला कुणी सांगितलं? चौथं शील मोडून बसलात."

राजाराम टॉवेलाची घडी घालत राहिले.

प्रणिताने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. साखर नव्हे, तंबाखू आहे, आम्हाला आधीची वेळ द्या, म्हणाली. पलीकडच्या बाईने विचारलं, किती वर्षांपासून?

"आई, कधीपासून लावता?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. सासूने दिली. म्हणाली, लाव, भूक मरते. भाकरी सगळ्यांचं झाल्यावर माझ्या वाट्याला यायची, कधी यायची नाही."

फोनवरची बाई हॅलो हॅलो करत होती. भूक मरते हे तिला कसं सांगायचं, ते प्रणिताला सुचेना. तिने फक्त वर्षं सांगितली. वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली.

रत्नाबाईंनी तवा उचलला, थंडगार सिंकमध्ये धरला आणि नळ सोडला. पानं चरचरली.

"मला सासूने दिली आणि सून काढून घेतेय," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. मग तवा घासायला घेतला. "सुटेल की नाही, माहीत नाही. पण उद्या त्या डॉक्टरला मी सांगणार. इंग्रजीत तंबाखूला काय म्हणतात?"

"टोबॅको."

त्यांनी तो शब्द हलक्या आवाजात म्हणून बघितला, एकदा, पुन्हा एकदा. त्या शब्दातल्या 'बॅ'ला ओठ जिथे मिटत होता, चट्टा तिथेच आत होता.