पडसंपादक

"फॉलला एवढी जागा देता येणार नाही," मुख्य संपादक म्हणाले आणि मजकुरावर आडवी रेघ मारली. "सरळ 'पडणे' लिहा आणि मोकळे व्हा."

सहसंपादक मोकळे होणाऱ्यांतले नव्हते. इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत ते 'फॉल' या एकाच क्रियापदावर इतकी वर्षं बसून होते, की त्यांना 'पडसंपादक' असं नाव पडलं होतं. नावसुद्धा पडतंच, हे त्यांनी लगेच नोंदवून ठेवलं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पारा उतरतो, केस गळतात, भाव गडगडतो, सरकार कोसळतं. या सगळ्यांना सरसकट पडायला लावलं तर कोश कशाला हवा? मुख्य संपादकांचं म्हणणं त्याहून साधं होतं. पानं वाढत होती.

कचेरीचा एक नियम मात्र दोघांनाही मान्य होता: कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य हाती असल्याशिवाय अर्थ छापायचा नाही. पडसंपादक ही वाक्यं घरून आणत. जेवताना विषय काढायचा आणि बायको काय म्हणते ते टिपायचं. प्रेमात पडण्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्याला कुठे सवड होती, आपलं लग्नच झालं." ते वाक्य कचेरीने नाकारलं.

आज त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं. "हे ऐका. 'अहो, या चपलांना पकड राहिली नाही, घसरायला होतं. येताना नव्या आणा.' इथे 'पडायला होतं' म्हणून बघा बरं. जीव जातो वाक्याचा."

वाक्य झकास आहे, पण लांब आहे, असा निकाल मिळाला. पडसंपादक तिथेच वाद घालत उभे होते, तेवढ्यात फोन वाजला. शेजारीण होती.

"भाऊजी, वहिनी पडल्या. बाथरूमच्या दारात."

"पडली म्हणजे? घसरली, ठेचकाळली, की चक्कर येऊन कोसळली?"



"पडल्या, भाऊजी. तुम्हाला कशी पडलेली हवीय?"

इस्पितळात पोचेपर्यंत ते वाक्य त्यांच्या कानात होतं. शेजारीण त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण प्रश्न मुद्द्याचा विचारत होत्या: घसरून पडल्या, की आधी चक्कर आली? चक्कर असेल तर हृदय, मेंदू, सगळंच तपासावं लागेल. शेजारणीला सांगता येईना. ती धावून गेली तेव्हा वहिनी जमिनीवरच होत्या.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हा भेद कुणाला तरी महत्त्वाचा वाटत होता. पडसंपादकांनी शेजारणीकडे पाहिलं. सांगितलं नव्हतं का मी, असं त्या पाहण्यात होतं. मग उत्तर काय येईल हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी नजर काढून घेतली.

"घसरले," खाटेवरून बायको म्हणाली.

"नक्की, मावशी? अंधारी वगैरे?"

"अंधारी नाही, काही नाही. चपलांना पकड नव्हती." ती हे डॉक्टरांना सांगत होती. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंना हायसं वाटलं. बरं झालं म्हणाल्या, आता फक्त हाडाचं बघू.

बाहेरच्या बाकावर नर्सने त्यांच्या हातात बायकोच्या बांगड्या, चष्मा आणि चपला आणून दिल्या. पुन्हा फोन वाजला. मुख्य संपादकांनी फेरविचार केला होता. वाक्य खरंच चांगलं आहे, 'घसरणे' ठेवू या. फक्त शेवटचा तुकडा, तो 'येताना नव्या आणा', तेवढा उडवला की ओळीत बसतं. अर्थाला त्याची गरजही नाही.

पडसंपादकांनी आयुष्यात एकही शब्द वाद न घालता उडवू दिला नव्हता.

"उडवा," ते म्हणाले.

शेजारीण पिशवी घेऊन आली. बांगड्या आणि चष्मा त्यांनी पिशवीत टाकला. चपला त्यांनी मांडीवरच ठेवल्या, एकीवर एक, गुळगुळीत झालेले तळवे आतल्या बाजूला करून.