क्वीने काय खाल्लं?

बाळांनो, जरा छातीवर हात ठेवा. लागतंय ना काही? आता मनात आणा, एक ठोका पडला आणि दुसरा येईचना. तुम्ही वाट बघताय, अन् तो येत नाही.

मेकाँग नदीकाठच्या आमच्या सरकारी दवाखान्यात थोआ नावाची मुलगी अशीच वाट बघत उभी होती. खाटेवर तिचा धाकटा भाऊ क्वी निपचित पडला होता, ओठ निळसर. छातीला चिकटवलेल्या तारांतून त्याचे ठोके पडद्यावर उमटत होते. एक उंचवटा, मग लांबच लांब सपाट रेघ.

डॉक्टर हान्हबाईंनी ठोके वाढवायचं इंजेक्शन दिलं. रेघ जरा धावली, पुन्हा मंदावली. त्या म्हणाल्या, हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खाली पोचत नाहीये. हा आजार असेल तर उपाय एक, विष असेल तर वेगळा. त्यांनी खाटेशी उभ्या असलेल्या क्वीच्या आजीला पुन्हा विचारलं, पोराने काय खाल्लं?

"मासळीची पेज," आजी म्हणाली.

पेज मासळीची नव्हती. आमच्याकडे पोर अंग धरत नसलं की त्याला भेकाची, म्हणजे त्या खरबरीत अंगाच्या बेडकाची पेज देतात. कातडी आणि पोटातलं सगळं टाकून द्यायचं, विष तिथेच असतं. आरोग्यखात्याच्या बाया भोंग्यावरून ओरडतात, भेक खाऊ नका. म्हाताऱ्या ऐकत नाहीत. या खेपेला आजीला नीट दिसेना, म्हणून साफ करायला थोआ बसली. पोटात काळ्या मण्यांसारखी अंडी निघाली. अंड्याने ताकद येते, असं समजून तिने ती पातेल्यात सोडली. आजीला याचा पत्ताही नव्हता.

"आजी, खरं सांग ना त्यांना," थोआ कुजबुजली.

"गप गं," आजीने तिचं मनगट मुठीत धरलं. "तुझी आई कारखान्यातून निघालीय. तिला काय तोंड दाखवू? अन् भेकाने कुणी मरत नाही. तुझ्या बापाला यावरच वाढवला मी, मेला का तो?"

तेवढ्यात रेघ सपाट झाली ती उठेचना. नर्सने क्वीची छाती दाबायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने एक उंचवटा आला, अगदी बारका. काय द्यावं तेच कळत नाही, असं डॉक्टरबाई स्वतःशीच म्हणाल्या.

थोआने आजीच्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं. खाटेला वळसा घालून ती डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"पेज भेकाची होती," ती म्हणाली. "त्यात अंडी मी घातली."