टेबलावर कोण झोपणार?

डॉक्टर व्हावं की नाही, या प्रश्नाने धाकटीने सगळ्या घराचं डोकं खाल्लं होतं. शेवटी आई वैतागली. "आत्याच्या दवाखान्यात एक दिवस जाऊन बस. तुझं ठरेल आणि आमची सुटका होईल."

डॉक्टर आत्याने दिलेला पांढरा कोट धाकटीने मोठ्या ऐटीत चढवला. तेवढ्यात हनुवटीवर रुमाल दाबून एक सुतार आला. शिडीवरून पडला होता. आत्याने रुमाल बाजूला करून सुई उचलली मात्र, भाचीबाई जमिनीवर आडव्या!

शुद्धीवर आली तेव्हा ती तपासणीच्या टेबलावर होती आणि सुतार एका हाताने रुमाल दाबून दुसऱ्या हाताने तिला वर्तमानपत्राने वारा घालत होता.

"डॉक्टर, माझं खुर्चीतच उरका," तो म्हणाला. "टेबल यांनाच राहू द्या."

आत्या खो खो हसली. "अगं, मीही पहिल्यांदा पडले होते, तेही पेशंटच्या अंगावर. तू आता घरी जा आणि निवांत ठरव."

"माझं ठरवणं राहू दे गं," धाकटी ओशाळून खाली उतरली. "यांचं रक्त अजून वाहतंय. मी भिंतीला टेकून उभी राहते, तू टाके घाल."

ती उभी राहिली. शेवटचा दोरा कापायला आत्याने कात्री तिच्याच हातात दिली.

"दोराच कापा हं," सुतार पुटपुटला, "दाढी नको."

संध्याकाळी आईने विचारलं, "मग, काय ठरलं?"

"ठरलं काहीच नाही," धाकटी म्हणाली, "पण उद्या मला लवकर उठव."