डॉक्टर रेवतीचा हिवाळा

सण नाही, वार नाही, आणि वहिनीने पुरण घातलंय म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली.

रामहरीदादा, माझा सख्खा थोरला भाऊ, महिन्याभरात तिसऱ्यांदा फोन करत होता. "पंके, सोमवारी ये. हक्कसोडीचं उरकून टाकू. आधार कार्डाची झेरॉक्स आन. ज्योतीनं पुरण घातलंय." पंधरा दिवसांपूर्वी तो स्वतः श्रीगोंद्याला येऊन मला साडी देऊन गेला होता. भाऊबीजेला ज्याला ब्लाऊजपीस आठवत नाही, त्याला भर उन्हाळ्यात साडी सुचली! वडील गेल्यावर शेवगावकडच्या आमच्या पाच एकर माळाच्या सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली होती. आता मी माझा हिस्सा भावाच्या नावे सोडायचा. आमच्याकडे बहिणी सोडतातच. न सोडणारीला माहेर राहत नाही. मीही सोडणारच होते. दादा म्हणतो तसल्या नुसत्या खडकाळ माळासाठी भावाशी कोण वाकडं घेतं?

पण मध्येच 'ध्रुवयान' आडवं आलं.

ही टीव्हीवरची जुनी मालिका. रविवारी सकाळी लागायची, अकरा वर्षं चालली. आकाशात भरकटलेलं एक यान आणि घरची वाट शोधणारी त्यातली सात माणसं. यानाची बटणं पुठ्ठ्याची आणि परग्रहावरचे लोक गोधडी पांघरलेले, हे आता दिसतं. तेव्हा मी श्वास रोखून बघायचे. सातांत माझी एकच, डॉक्टर रेवती. शत्रूच्याही जखमा बांधायची आणि केसांत पेन्सिल खोवायची. शिवणकाम करताना मी अजून तशीच पेन्सिल खोवते. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

अडचण एवढीच, की आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड कारखान्यावर, ते गुढीपाडव्यालाच परत. मी लहान म्हणून मला सोबत न्यायचे, दादा शाळेसाठी गावात चुलतीकडे राहायचा. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, कुठला टीव्ही? म्हणून दरवर्षी अर्धी मालिका मी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पाहिली आणि अर्धी दादाच्या तोंडून ऐकली. गावी पोचले की बोचकंही न सोडता मी त्याच्यापुढे बसायचे. पहिली दोन वर्षं तो सांगताना अडखळायचा, आढ्याकडे बघत आठवायचा. पुढे मात्र तरबेज झाला. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, पापणी न हलवता, घडाघडा सांगायचा. मला वाटायचं, सरावाने जमलं.

यंदा सगळे भाग मोबाईलवर आले. माझ्या लेकीने, संस्कृतीने, लावून दिले. मशीनला मोबाईल टेकवून मी बघत सुटले. उन्हाळ्याचे भाग ओळखीचे, हिवाळ्याचे पहिल्यांदाच बघत होते. दोन हिवाळे दादाने सांगितले तसेच निघाले. तिसऱ्या हिवाळ्यात यानाला भोक पडलं, डॉक्टर रेवतीने बाहेरून दार लावून घेतलं, आतले सहा वाचले आणि ती मेली.

मी मशीन थांबवलं. दादाने तर सांगितलं होतं, ती एका हिरव्या ग्रहावर आजारी लोकांसाठी मागे थांबली! पुढची आठ वर्षं दर पाडव्याला तो मला तिची खुशाली सांगत होता. तिने दवाखाना काढला, विहीर खोदली, हाताखाली तीन नर्सा आल्या. उन्हाळ्यात ती का दिसत नाही विचारलं, तर म्हणायचा, उन्हाळ्यात त्या ग्रहाशी संपर्क तुटतो. आणि मी शहाणी मान डोलवायचे.

आधी हसू आलं. मग धस्स झालं. जो माणूस आठ वर्षं तोंडावर थापा मारतो, त्याचा खडकाळ माळ तरी कशावरून खरा?

सोमवारी फाट्यावर एसटीतून उतरले आणि मुद्दाम आमच्या रानातून चालत गेले. मधोमध ओळीने दगड रोवलेले, डोकी पिवळी रंगवलेली, वर आकडे. असले दगड मी पलीकडच्या गावात मोठ्या रस्त्याची मोजणी झाली तेव्हा पाहिले होते; तिथे सरकारने एकरी लाखोंचा मोबदला दिला होता.

"दादा, रानात ते पिवळे दगड कसले?" उंबऱ्यातच विचारलं.

"आदी जेव," दादा म्हणाला.

ज्योतीवहिनीने न मागता दोनदा तूप वाढलं. दरवेळी सासरच्यांची चौकशी करणारी बाई आज गप्प होती. जेवण झाल्यावर दादाने सतरंजीवर कागद आणि पेन ठेवलं. "हितंच सह्या कर. हापिसात नुसता फोटो आन् अंगठा."

मी पेन उघडलं. "सांग आदी, डॉक्टर रेवती कुठं हाय?"

तो हसला. "हिरव्या ग्रहावर. जाती कुठं?"

"ती मेली, दादा. मी बघितलं. का फसवलंस मला?"

त्याचं हसू गेलं. मान खाली घालून तो सतरंजीचा सुटलेला धागा ओढत बसला.

"त्या साली आई तिकडं कोपीवर तापानं गेली," तो म्हणाला. "मी एक दिस उशिरा पोचलो. तू बोलली न्हाईस, रडली बी न्हाईस. परत गावी आलो. रविवारी म्हनलं, टीव्ही बघून जरा इसरावं. तर ती बी मेली." धागा त्याने बोटाला गुंडाळला. "पाडव्याला तू आलीस आन् पयलं इचारलंस, रेवती बरी हाय ना? मी काय सांगू, पंके? एका हिवाळ्यात तुला दोन-दोन मेलेल्या कशा दिऊ?"

मला रडू फुटलं. रेवतीचं नव्हे, आईचं, तीस वर्षांनी. पंधरा वर्षांचा पोर, त्याची स्वतःची आई गेलेली, आणि तो माझ्यासाठी आकाशात दवाखाने बांधत होता. कसला संशय घेऊन आले मी! त्या क्षणी मी अडीच काय, पन्नास एकर लिहून दिले असते. डोळे पुसले आणि पेन कागदावर टेकवलं.

सही सुरू करता करता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "आन् ते दगड? रस्ता जातोय का आपल्या रानातनं?"

दादाच्या बोटावरचा धागा सुटला. त्याने मान वर केली. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, पापणी न हलवता, तो म्हणाला, "छ्या! पोरांनी रंगीवल्यात. खडकाळ माळ हाय नुसता."

हिरव्या ग्रहावरची विहीर सांगताना तो अस्साच बघायचा.

मी पेनाला टोपण लावलं आणि झेरॉक्स परत पर्समध्ये ठेवली. मग उठले.

"दादा, तू लई छान सांगतोस," मी म्हणाले. "पन या बारीचा हिवाळा मी सोता बघनार. तलाठ्याकडं चाललेय."